थेंबे थेंबे जग भरे

पाणी गाळायचा नवा जग घरात आला की पहिल्याच संध्याकाळी त्याच्या नशिबी शिव्या येतात. 'एवढे पैसे मोजले आणि तासाभरात जेमतेम पेलाभर पाणी?' हे सौ. म्हणतात, चिरंजीव म्हणतात, आणि ज्यांना कुणी विचारलेलं नसतं ते शेजारीही म्हणतात. मी मात्र जगाच्या बाजूचा. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाने हळू चालणाऱ्याची बाजू घ्यायची नाही, तर कुणी घ्यायची?

आधी आरोपीची बाजू ऐका. जगाच्या गाळणीत कोळशाचे खास प्रक्रिया केलेले दाणे असतात. त्यांच्या असंख्य बारीक छिद्रांत हवा दडलेली असते. लोकलच्या दारात ठाण मांडून बसलेल्या मंडळींसारखी ती स्वतः हलत नाही, आणि पाण्यालाही आत शिरू देत नाही. उपाय फुकटचा आहे. गाळणी पाण्यात बुडवावी, हलकेच हलवावी, बुडबुडे थांबले की बसवावी आणि पहिले एकदोन जग कुंड्यांना घालावेत. हे माहितीपत्रकात असतं हो! फक्त ते दहा परक्या भाषांत आणि मुंगीच्या अक्षरांत छापलेलं असतं. मराठी माणसाने पाणी प्यावं, पण वाचू नये, असं काहीतरी धोरण असावं.

एवढं करूनही तो थोडा हळूच चालणार, आणि चालावाच. क्लोरीनचा वास काढायला कोळशाला वेळ लागतो. माझा खरा राग आहे तो घाईवाल्यांवर. जुन्या स्टीलच्या फिल्टरमधल्या कँडलचा नट सैल करून 'बघा, कशी धार लागली!' म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. धार लागणारच! पाणी कँडलला वळसा घालून शेजारच्या फटीतून तसंच खाली उतरतं. म्हणजे सही न तपासता चेक पास. गिऱ्हाईक खूश, खातं साफ!

या घाईची किंमत हॅम्बुर्गने १८९२ साली मोजली. एल्बे नदीचं पाणी तिथे न गाळताच नळांना सोडलं जाई. कॉलरा आला आणि ८,००० हून अधिक माणसं गेली. शेजारचं आल्टोना तर हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं त्याच नदीचं पाणी घेत होतं. पण वाळूच्या थरांतून, सावकाश गाळून. तिथे साथीला फारसं काही हाती लागलं नाही.

जगातला कोळसा मात्र जंतू मारत नाही. पाण्याची शंका असेल तर उकळा. नसेल तर रात्री जग भरून ठेवा आणि खुशाल झोपा. काउंटरवर मला 'जरा लवकर' म्हणा, सवय आहे. गाळणीला मात्र तेवढं म्हणू नका. ती ऐकायला लागली, तर पंचाईत तुमचीच आहे.