शिदोरी आणि ओझे

शिदोरीत काय बांधावे, हे बांधणाऱ्याच्या हौसेने नव्हे, तर वाहणाऱ्याच्या खांद्याने ठरवावे, असे आमच्या कोंकणी घरांतील वडीलधारी माणसे सांगत. हाच न्याय संगणकाच्या क्षेत्रातही लागू पडतो, हे आम्हांस गतवर्षी अनुभवाने कळले.

शाळेच्या जुन्या वार्षिकांकांचा संग्रह विद्यार्थ्यांनी मोठ्या कष्टाने संगणकावर उतरविला. दूरदूर विखुरलेल्या माजी विद्यार्थ्यांस तो पेन ड्राइव्हवर धाडावा आणि त्यांस आपले नाव घालून त्यात शोध घेता यावा, अशी योजना होती. डिस्कवरून थेट उघडलेल्या पानास शेजारच्या फाइली वाचण्याची मुभा ब्राउझर सुरक्षिततेच्या कारणास्तव सहसा देत नाही; म्हणून पाने पुरविणारा वेब सर्व्हरही त्या गाठोड्यातच बांधणे आले. आम्ही अपाचे, डेटाबेस आणि पीएचपी असा सारा संसारच बांधून दिला. शाळेत तो सुरळीत चालला. परंतु एका वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या घरी काही केल्या सुरू होईना. सर्व्हरला हवे असलेले ८० क्रमांकाचे पोर्ट तेथे दुसऱ्याच एका प्रोग्रॅमने अडविले होते. साठ वर्षांपूर्वी लिहिलेला आपला निबंध पुन्हा पाहण्याची त्यांची इच्छा त्या दिवशी अपुरी राहिली. दोष त्यांचा नव्हता, आमचा होता.

तर मग अशा गाठोड्यात हलका सर्व्हर बांधावा काय? बांधावा, असे आमचे नम्र मत आहे. परंतु हलकेपणाचा अर्थ आधी नीट समजून घेतला पाहिजे. यान क्नेश्के यांनी २००३ साली लाइटटीपीडी रचला, तो एकाच यंत्राने दहा हजार वाचकांस एकाच वेळी कसे सांभाळावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून. इगोर सिसोएव्ह यांचा एन्जिनएक्स २००४ साली प्रसिद्ध झाला, तोही त्याच पठडीतला. आमच्या गाठोड्याचा वाचक मात्र एकच! वेगाची कोष्टके पाहून त्याच्यासाठी सर्व्हर निवडणे म्हणजे एका पाहुण्याच्या जेवणासाठी लग्नाच्या पंक्तीचे वाढपी बोलाविण्यासारखे आहे.

आमच्या मते कसोट्या निराळ्या आहेत. सर्व्हर इन्स्टॉल न करता कोणत्याही फोल्डरातून चालावा. ठरलेले पोर्ट अडले असेल, तर त्याने निमूटपणे दुसरे शोधावे. त्याने केवळ १२७.०.०.१ या आपल्याच यंत्राच्या पत्त्यावर ऐकावे. कारण वाटून दिलेल्या गाठोड्यातील उणिवा पुढे दुरुस्त करण्यास कोणी येत नाही, आणि जुना सर्व्हर बाहेरच्या जगास उघडा राहणे धोक्याचे असते. वाचकाच्या घरी जी यंत्रप्रणाली आहे, तीवर तो भरवशाचा असावा. एन्जिनएक्सच्या विंडोज आवृत्तीस तर तिचे कर्तेच अद्याप चाचणीतील म्हणतात. शेवटी, त्याचा परवाना वाचलेला असावा. लाइटटीपीडी व एन्जिनएक्स यांचे परवाने उदार आहेत; तरी मूळ कर्त्यांची हक्कसूचना सोबत देणे बंधनकारक आहे. दुसऱ्याचे श्रम वाटून त्याचे नाव गाळणे विद्येच्या मंदिरास शोभत नाही.

यावर कोणी म्हणेल, की अपाचे १९९५ पासूनचा अनुभवी; त्याला सोडून नवख्याच्या मागे का लागावे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. अनेकांनी एकाच वेळी नोंदी करावयाच्या असतील, तर पूर्ण संसारच हवा. परंतु आमचा संग्रह केवळ वाचावयाचा आहे. शोधाची सूची आधीच तयार करून ठेवता येते. मग डेटाबेसही नको आणि पीएचपीही नको. २००७ साली सुरू झालेल्या किविक्सने हाच मार्ग धरला. विकिपीडियाचा मजकूर एका झिम फाइलीत दाटून बसवावयाचा आणि लिबमायक्रोएचटीटीपीडी नामक चिमुकल्या लायब्ररीवर उभारलेल्या सर्व्हरने तो इंटरनेटविना वाचकापुढे ठेवावयाचा, अशी त्याची रीत आहे. सर्व्हर हलका करण्यापूर्वी त्याचे कामच हलके करावे, हा धडा आम्ही त्यावरून घेतला.

विद्यार्थी मित्रहो, यंदा आपण हे गाठोडे पुन्हा बांधीत आहो. त्याची परीक्षा आपल्या संगणककक्षात घेऊन समाधान मानू नका. ज्या घरी ते गतवर्षी उघडले नाही, तेथेच ते प्रथम न्या. त्या वृद्ध गृहस्थांनी कोणाचेही साहाय्य न घेता आपला निबंध उघडून वाचला, म्हणजे आपली निवड योग्य ठरली असे समजा. बांधणाऱ्याने वाहिलेले कष्ट वाहणाऱ्यास दिसू नयेत, यातच शिदोरीचे सार्थक आहे.