मॉप मोजणाऱ्या यंत्राला ‘सर’ कळत नाहीत

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पोटात कापड राहिल्याची बातमी आली की पुढची चर्चा ठरलेली असते. डॉक्टर निष्काळजी, नर्सने मोजलंच नाही, चौकशी समिती, निलंबन. मी सरकारी रुग्णालयात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर म्हणून नोकरी केली आणि ओटीची इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. ‘मोजलंच नाही’ हे वाक्य मला दर वेळी खटकतं. बहुतेक वेळा मोजलेलं असतं. दोघींनी मोजलेलं असतं, फळ्यावर लिहिलेलं असतं, ‘काउंट करेक्ट, सर’ असं मोठ्याने सांगितलेलंही असतं. आणि तरीही मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, आत असतो.

हा माझा बचाव नाही, छापील निष्कर्ष आहे. अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे हे नाव आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली अशी प्रकरणं तपासली आणि २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष मांडले. ५४ रुग्णांच्या शरीरात ६१ वस्तू राहिल्या होत्या, त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक वस्तू म्हणजे स्पंज, आपल्याकडचे मॉप आणि गॉज. ज्या शस्त्रक्रियांत मोजणी झाली होती, त्यांतल्या ८८ टक्के ठिकाणी शेवटचा काउंट बरोबर असल्याची नोंद होती! धोका कुठे वाढतो, हेही त्यांनी शोधलं. शस्त्रक्रिया तातडीची असेल तर नऊपट, ठरलेला बेत ऐनवेळी बदलावा लागला तर चौपट. रुग्ण स्थूल असेल तरीही धोका वाढतो.

ओटीच्या आत कधी न गेलेल्या वाचकाला प्रश्न पडेल की दहा-वीस कापडं मोजण्यात अवघड ते काय. नवा मॉप पांढरा, चौकोनी, गॉजचे थर शिवून केलेला, एका कोपऱ्याला नाडी. पाच-पाचांचा गठ्ठा असतो. ऑटोक्लेव्हमधून आलेल्या गठ्ठ्यात कोऱ्या नोटांसारखे दोन मॉप एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून प्रत्येक नाडी सुटी उचलून दाखवत मोजायचं. मग मॉप कोमट सलाइनमध्ये पिळून सर्जनच्या हातात. तो पोटात गेला की नाडी बाहेर ठेवून तिला आर्टरीचा चिमटा लावायचा. हे सगळं निवांत झालं तर मॉप हरवत नाही.

पण रात्री अडीच वाजता सिझर चालू असताना गर्भाशय आकुंचन पावत नाही, रक्त थांबत नाही, सर नुसता हात पुढे करून ‘मॉप, मॉप’ म्हणतात. तेव्हा आर्टरी लावायला कुणाला सवड असते? रक्ताने भिजलेला मॉप मुठीएवढा होतो आणि आतड्यांच्या वळणांत त्याचा पत्ता लागत नाही. बाहेर मावशी भरलेली बकेट उचलतात. वारेच्या ट्रेमधून एखादा मॉप निघून जातो. भूल देणारे डॉक्टर घाईत ट्रॉलीवरचा गॉज उचलून नळी पुसतात. केस लांबली तर सकाळी ड्यूटी बदलते, आणि अर्धा हिशेब घरी गेलेल्या सिस्टरच्या डोक्यात राहतो.

सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच. गठ्ठ्यात चुकून सहा मॉप होते आणि सुरुवातीला पाच मोजले. शेवटी बाहेर पाच आले, एक आत राहिला. पाचाला पाच जुळले, काउंट करेक्ट. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पोट बंद होतं. पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी, पोटात गोळा लागतो, आणि सुरुवातीला तो गाठच वाटतो.

या मोजणीसाठी आता यंत्रं आली आहेत. एका प्रकारात प्रत्येक मॉपवर स्वतंत्र कोड छापलेला असतो. आत जाताना स्कॅन, बाहेर आल्यावर स्कॅन. एकच मॉप दोनदा मोजला तर यंत्र तो स्वीकारत नाही, आणि सहाचा गठ्ठा पाचाचा धरला जात नाही. दुसऱ्या प्रकारात मॉपमध्ये बारीक चिप शिवलेली असते. टाके घालण्याआधी रुग्णाच्या अंगावरून एक कांडी फिरवली की आत काही राहिलं असेल तर ती आवाज करते. तिसऱ्या प्रकारात कॅमेऱ्यासमोर वापरलेला मॉप धरायचा. प्रणाली तो मोजते आणि त्यात किती रक्त गेलं याचा अंदाजही देते.

हे नुसतं जाहिरातीतलं नाही. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये पूर्वी सरासरी ६४ दिवसांनी एक स्पंज राहिल्याचं प्रकरण होत असे. २००९ मध्ये त्यांनी कोड असलेले स्पंज आणले. पुढच्या १८ महिन्यांत ८७ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, १८ लाखांहून अधिक स्पंज वापरले गेले आणि एकही आत राहिला नाही. गावंडे यांच्याच गटाने ३०० शस्त्रक्रियांवर बारकोडची चाचणी घेतली होती. हाताच्या मोजणीपेक्षा त्यात दुपटीहून जास्त तफावती पकडल्या गेल्या. मोजणीला सुमारे तीन मिनिटं जास्त लागली, एवढंच.

पण मला हे यंत्र हवं आहे ते त्याच्या हुशारीसाठी नाही. त्याला हुद्दा कळत नाही, म्हणून हवं आहे.

एक मॉप कमी भरला की ओटीत काय होतं, ते सांगते. सिस्टर म्हणते, ‘सर, एक कमी आहे.’ चांगले सर्जन हात थांबवतात. असे सर्जन मी पुष्कळ पाहिले. पण ‘माझ्याकडे नाहीये, बकेटमध्ये बघा’ म्हणत पुढचा टाका घालणारेही पाहिले. बाहेरची सिस्टर चिमट्याने बकेट उपसते, मेणकापडावर पाच-पाचांच्या रांगा लावते, टेबलाखाली वाकते, काढलेल्या हातमोज्यांचा ढीग चाळते. तोवर आत निम्मं पोट शिवून झालेलं असतं. पोर्टेबल एक्स-रे मागवायचा तर टेक्निशियन कॅज्युअल्टीत अडकलेला. पुढचा रुग्ण दारात ट्रॉलीवर. नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी दुसऱ्यांदा ‘एक कमी आहे’ म्हणताना आवाज खाली आणते. तिसऱ्यांदा ती स्वतःच्याच मोजणीवर शंका घेते. इथे मोजणी हरत नाही, मोजणारी हरते.

यंत्राला दटावता येत नाही. ‘घरी जायचंय का नाही आज?’ असं त्याला विचारून उपयोग नसतो. पडद्यावरचा एकचा आकडा जाईपर्यंत ते तोच आकडा दाखवत राहतं, आणि त्याची वेळेसह नोंद राहते. नव्या सिस्टरच्या पाठीशी असं कुणी उभं राहणं हा मला त्याचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

म्हणून ते कुठे ठेवायचं, याबद्दल माझं म्हणणं ठाम आहे. आपल्याकडे नवं यंत्र आधी मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात येतं. तिथे आठवडाभर आधी ठरलेल्या शस्त्रक्रिया, पुरेसा स्टाफ, सगळं वेळापत्रकाप्रमाणे. उरलंसुरलं जिल्ह्याला मिळतं. धोका मात्र तातडीच्या केसमध्ये आहे, बेत ऐनवेळी बदलण्यात आहे. म्हणजे रात्रीच्या सिझरमध्ये, अपघातानंतर उघडलेल्या पोटात, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या इमर्जन्सी ओटीत. पहिलं यंत्र तिथे जायला हवं.

‘ताई, एवढा पैसा कुठून आणायचा?’ असं मला विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. कोड किंवा चिप असलेले मॉप एकदाच वापरायचे आणि बाहेरून विकत घ्यायचे. आपल्या कित्येक रुग्णालयांत आजही गॉजचं थान आणून, कापून, घड्या घालून मॉप तिथेच शिवले जातात. त्यात एक्स-रेमध्ये दिसणारा धागाही नसतो. तो नसेल, तर काउंट चुकल्यावर एक्स-रे काढूनही मॉप दिसत नाही. तेव्हा पहिली पायरी यंत्राची नाहीच. धागा असलेल्या मॉपशिवाय पोटाची शस्त्रक्रिया नाही, असा नियम झाला पाहिजे. दुसरी पायरी म्हणजे वापरलेले मॉप बकेटमध्ये न साठवता, खिसे असलेल्या प्लास्टिकच्या पडद्यात एकेका खिशात एकेक ठेवायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्जन डॉ. व्हर्ना गिब्ज यांनी ही पद्धत चिकाटीने रुजवली. एका पडद्याला दहा खिसे. रिकामा खिसा सर्जनलाही टेबलावरून दिसतो, वाद उरत नाही. या दोन पायऱ्या चढल्याशिवाय यंत्र घेतलं, तर उद्घाटनाच्या फोटोनंतर ते कपाटात जाईल, हे मी पैजेवर सांगते.

पैशाची दुसरी बाजूही आहे. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या पोटात मॉप राहिला. पोट पुन्हा उघडून तो काढला, पण ती वाचली नाही. खालच्या न्यायालयाने दिलेली ३६ हजारांची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती पुन्हा कायम केली. नेमकं कोण चुकलं यावर न अडता न्यायालयाने राज्य शासनाला जबाबदार धरलं. कुटुंबाला यासाठी ३३ वर्षं लागली. कायद्याने जबाबदारी मालकाची म्हणून ठरलेली असताना बातमीत मात्र अजून एकटी नर्सच निलंबित होते.

कागदावर नियमही आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी २००८ मध्ये आली. रुग्ण ओटीबाहेर जाण्याआधी मोजणी पूर्ण झाल्याचं नर्सने तोंडी सांगायचं, असं त्यात आहे. आपल्याकडे कित्येक ठिकाणी ही यादी भरली जाते, पण कधी? रुग्ण वॉर्डात गेल्यावर, चहाबरोबर, एका दमात सगळ्या खुणा.

म्हणून आरोग्य विभागाकडे माझी मागणी यंत्राच्या आधी एका छोट्या आदेशाची आहे. काउंट जुळल्याचं सिस्टरने सांगितल्याशिवाय पोट बंद करायचं नाही. जुळत नसेल तर एक्स-रे काढायचा आणि हा निर्णय एकट्या सर्जनचा नसेल. रुग्णाच्या जिवाला धोका असल्याने पोट तसंच बंद करावं लागलं, तर तसं कारणासह लिहायचं. ज्यांनी मोजलं त्या दोघींची नावं आणि वेळ ऑपरेशन नोटवर असावी, आणि तिची प्रत रुग्णाला डिस्चार्ज कार्डासोबत न मागता मिळावी. हा आदेश ज्या इमर्जन्सी ओटीत पाळला जातो, तिथे यंत्र आधी द्या. तिथे ते कपाटात जाणार नाही.