विंचवाला सात पाय

वर्तमानपत्रात अधूनमधून 'हरवल्या आहेत' अशी चौकट येते. वर्ण सावळा, बांधा मध्यम, अंगात हिरवं लुगडं, उजव्या हातावर तुळशीचं गोंदण. ही चौकट मी कधी ओलांडून पुढे जात नाही. ज्यानं ती लिहिली त्याला ते माणूस सापडायला हवं असतं, म्हणून हात कोणता आणि चित्र कशाचं हे तो चुकवत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनी गोंदणाकडे असंच बघावं, असं मला फार वाटतं.

माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी २२ वर्षं मराठी शिकवते. वर्णनात्मक लेखन म्हटलं की मुलं पावसाळ्यावर लिहितात. आमच्याकडे पावसाची वाट बघण्यातच वर्ष सरतं, तरी वहीत उतरतो तो गाईडमधला कोकणातला पाऊस. म्हणून दोन वर्षांपूर्वी नववीला मी वेगळा विषय दिला. घरातल्या नाहीतर शेजारच्या एखाद्या माणसाच्या अंगावरचं गोंदण बघा, त्याचं वर्णन करा, अर्थ सांगा. एक परिच्छेद पुरे.

पहिल्या खेपेला आलेल्या वह्या वाचून मी हिरमुसले. एका मुलानं लिहिलं होतं, 'माझ्या आजीच्या हातावर विंचू आहे. विंचू हे शक्तीचे व संरक्षणाचे प्रतीक आहे.' मोबाइलवरून उतरवलेलं हे वाक्य जगातल्या कुठल्याही विंचवाला चाललं असतं. त्यात त्याची आजी नव्हती. मी त्याला वही परत दिली आणि म्हटलं, आजीला उजेडात बसव, तिचा हात हातात घे आणि जे दिसतं तेवढंच लिहून आण. अर्थ आत्ता नको.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच तो स्टाफरूमच्या दारात उभा. "बाई, त्याला सातच पाय हायेत."

विंचवाला आठ पाय. ते मोजल्यामुळे पोराला प्रश्न पडला आणि त्यानं आजीला विचारलं. आजी सात-आठ वर्षांची असताना गोंदणारीण गावात आली होती. आईनं मांडीत घट्ट धरून बसवलं. तीन सुया एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी कालवलेली. सातवा पाय झाला आणि पोरगी हिसका देऊन पळाली, ती बाजरीच्या रानात दिवस मावळेपर्यंत लपून बसली. चिपटंभर जोंधळे घेऊन बाई पुढच्या गावाला गेली. पुढच्या साली येऊन पाय पुरा करते म्हणाली, पण परत आली नाही. आजी नातवाला म्हणाली, "हौस कसली रं, धरून गोंदलं. गोंदल्याबिगर सासरी हातचं पाणी पेत न्हाईत म्हनायची आई."

मुलानं हे सगळं सहा ओळींत लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण २२ वर्षांत मी वाचलेल्या चांगल्या परिच्छेदांपैकी तो एक आहे. त्या विंचवाचा अर्थ नसलेल्या आठव्या पायात आहे. सात-आठ वर्षांच्या मुलीनं नको म्हटलं, ते तिच्या हातावर आजही दिसतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की गोंदणाचा अर्थ चित्रात शोधू नका. ते कुणी, कुणाच्या अंगावर, कुणाच्या मर्जीनं टोचलं, हे आधी विचारा. कपाळाचंच घ्या. आमच्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर चंद्रकोर असते, चांदणी असते, ते सौभाग्याचं लेणं. पण १७९७मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायचा कायदा केला. त्या शिक्षेचं नावही गोदनाच. १८४९मध्ये ती बंद झाली. सुई तीच आणि जागा तीच, पण एकीकडे मिरवायचं लेणं होतं आणि दुसरीकडे जन्मभर फेट्याखाली झाकायचा डाग. प्रतीकांचा कुठलाही कोश हा फरक सांगणार नाही.

आणि आजीच्या गोंदणावर लिहिताना 'आपला वैभवशाली वारसा' असं म्हणून मोकळं होणं मला खोटं वाटतं. धरून बसवलेल्या पोरी हा त्या वारशाचा भाग आहे. त्याच वेळी, मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं, असं सांगताना याच बायांचा आवाज अभिमानानं भरतो. दोन्ही खरं आहे. परिच्छेदात दोन्ही यायला हवं. नववीच्या मुलाला ते जमतं, हे मी पाहिलं आहे.

नीट बघितलं की प्रश्न आपोआप निघतात. एका मुलीनं विचारलं, काजळी काळी असते, मग मावशीची तुळस हिरवी का? तिच्या प्रश्नानं आमचा मराठीचा तास विज्ञानाचा झाला. काजळी कातडीच्या वरच्या थरात नसते, त्याखालच्या थरात असते. त्वचेतून पाहताना काळा रंग निळसर, हिरवट भासतो. तो टिकतो कसा, तेही भारी आहे. शरीरातल्या पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. त्या मेल्या की कण सुटतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८मध्ये उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. वर्ग एकदम शांत झाला होता. आजीचं शरीर सत्तर वर्षं ते गोंदण सांभाळत बसलंय, हे मुलांना पहिल्यांदा कळत होतं.

दुसऱ्या एका मुलानं आजीच्या गुडघ्याजवळचे ठिपके लिहायचे सोडून दिले होते, कारण त्यांचा 'अर्थ' कुठेच सापडला नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, गुडघा धरायचा म्हणून टोचलं. १९९१मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. त्याच्या अंगावर ६१ खुणा गोंदलेल्या आहेत, साध्या रेघा आणि फुल्या, बऱ्याचशा घोट्यापाशी, गुडघ्यापाशी, कमरेपाशी. त्या दुखण्यावरच्या इलाजाच्या असाव्यात, असं काही अभ्यासक मानतात. हे सांगितल्यावर त्या मुलानं ठिपके मोजून आणले. नऊ निघाले.

तरुण मुलांचे टॅटू म्हणजे फॅशन, असं माझे सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. सॅम्युअल ओरायली या अमेरिकन माणसानं १८९१मध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आज आमच्या यात्रेत बॅटरीवरचं यंत्र घेऊन बसलेला माणूस पाच मिनिटांत नाव काढून देतो. वेळ कमी लागतो म्हणून मागची गोष्ट लहान होत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या हातावर 'आई' आहे. अक्षर वेडंवाकडं, काना भलतीकडेच गेलेला. यंत्रवाल्याची चूक असेल असं मला वाटलं होतं. आई साक्षरतेच्या वर्गात जाऊन स्वतःचं नाव लिहायला शिकली, तेव्हा पाटीवर तिनं हा शब्दही काढला होता. त्यानं त्याचा फोटो यंत्रवाल्याला दिला आणि बजावलं, जसं आहे तसंच काढ, सुधारू नको. मी मराठीची शिक्षिका, पण त्या कान्याला लाल पेन लावायची माझी छाती नाही.

या विषयाला परीक्षेत गुण नाहीत, मग वेळ कशाला घालवता, असं मला विचारलं गेलं. वेळ खरोखरच थोडा आहे. गोंदलेल्या हातांची ती पिढी दर वर्षी कमी होतेय, आणि आमच्याकडे देहाबरोबर गोंदणही जळतं.

माझी आजी २००९मध्ये गेली. तिच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, त्याच्या खाली तिच्या भावाचं नाव. तुळशीला पानं किती होती, मला सांगता येत नाही. मी म्हणते डावा हात, माझा भाऊ म्हणतो उजवा. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी घरातले सगळे फोटो काढून पाहिले. आजी सात फोटोंत आहे. सातही फोटोंत तिनं हात पदराखाली घेतले आहेत.