मळी एक, नावं दोन

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने परवा मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. छोट्या डिस्टिलरीत थोडीथोडी गाळलेली ‘क्राफ्ट’ डार्क रम, त्यात कोकम, लिंबू आणि काचेसारखा स्वच्छ बर्फाचा मोठा चौकोन. उन्हाळ्याचं खास कॉकटेल म्हणे. खाली लिहिलं होतं, ‘मामू, तुमच्या उसाची करामत!’ त्याने गंमत केली, पण मला ती लागली. कर्जतचा एप्रिल, त्या वेळी आमच्या वस्तीवर टँकरची वाट पाहणं चाललं होतं.

मी पीत नाही, तेव्हा चवीबद्दल बोलणार नाही. पण ही वस्तू कशाची बनते हे ऊस लावणाऱ्याला कुणी शिकवायला नको. एक टन उसातून साखर काढल्यावर साधारण 40 ते 45 किलो मळी उरते. ती आंबवून गाळली की 10 लिटरच्या आसपास अल्कोहोल. आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात ते मुरवलं, बऱ्याचदा रंगासाठी जळकी साखर घातली, की झाली डार्क रम. (काही क्राफ्टवाले उसाचा रस किंवा गूळही वापरतात.) न मुरवता संत्र्याचा वास लावून बाटलीत भरलं की देशी.

पहिली पिणारा रसिक आणि दुसरी पिणारा बेवडा, हा फरक मळीने केलेला नाही. ऊसतोड कामगार कोपीबाहेर पिऊन पडला की सगळा गाव व्यसनमुक्तीवर बोलतो. गच्चीवरच्या बारमध्ये तेच पोटात गेलं की त्याला ‘आस्वाद’ म्हणतात. महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायला परवाना लागतो. गच्चीवर तो कुणी मागितल्याचं ऐकलंय का?

आपल्या लोकांनीही ‘आम्ही पीत नाही’ म्हणून कॉलर ताठ करू नये. कुरआन दारूत लोकांसाठी थोडा फायदा असल्याचं मान्य करतो आणि गुनाह त्याहून मोठा म्हणतो. हदीसमध्ये तर पिणाऱ्याबरोबर गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा, सगळेच येतात. आमच्यातली पोरं मळीचे टँकर चालवतात. माझा ऊस कारखान्याला जातो, आणि ऊसदराच्या महसुली वाट्याच्या हिशेबात साखरेबरोबर मळीही धरतात. मौलानांना विचारलं, तर म्हणाले, ऊस विकणं वेगळं, दारू विकणं वेगळं. मान्य. पण बिल खात्यावर जमा झालं की हा प्रश्न परत डोकं वर काढतो, आणि लागणीच्या वेळी मी पुन्हा ऊसच लावतो. दुसऱ्या कुठल्या पिकाचे पैसे असे हमखास मिळतात?

त्यामुळे पिणाऱ्याला उपदेश करायचा मला हक्क नाही. मागणी एवढीच आहे की बाटलीवर ‘मातीचा गंध’ छापता, तर तालुकाही छापा. ऊस विहिरीवर पिकला की कालव्यावर, तेही छापा. या पिकाला 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागतं आणि आमचा तालुका पर्जन्यछायेतला. कुकडीचं आवर्तन लांबलं की माणसांचे चेहरे उतरतात. तोडणाऱ्या जोडप्याला टनामागे काय मिळालं, त्यालाही लेबलवर एक ओळ पुरेल.

भाचा बकरी ईदला येणार आहे. त्याला स्टँडजवळच्या रसवंतीत नेईन. आलं-लिंबू घालून, बर्फ कमी. तिथे विचारेन, बाबा, करामत नक्की कुणाची म्हणालास?