तालीम सुटली, खुराक राहिला

कोल्हापुरात हे चित्र घरोघर दिसते. तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेला माणूस चाळिशीत दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. तालीम सुटते, खुराक मात्र राहतो. मग एके दिवशी तपासणीत साखर वाढलेली निघते आणि सारे घर हादरते.

साखर सहसा एकटी येत नाही. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० किंवा त्याहून अधिक. रक्तदाब १३०/८५ च्या वर. उपाशीपोटी साखर १०० च्या वर. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर. आणि चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या, स्त्रियांत ५० च्या खाली. या पाचांपैकी तीन गोष्टी जमल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. अशा माणसाच्या हृदयाला धोका जास्त.

इथे व्यायाम औषधासारखा उपयोगी पडतो. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायाम नियमित असेल तर रक्तदाब व ट्रायग्लिसराइड उतरतात, पोटाची चरबी घटते. वजनाचा काटा फारसा हलला नाही तरी फायदा होतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने २००६ मध्ये दाखवून दिले, की मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी आहार-व्यायाम सांभाळला, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो.

करायचे किती? आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. फजरनंतर रंकाळ्याच्या काठाने चालायला कोणाची फी द्यावी लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायामही करावा.

"घरकाम करते, तेवढे पुरे," असे अनेक भगिनी म्हणतात. पण ज्या कामात श्वास वाढत नाही, ते पुरे नाही. अम्मीला एकटीने जायला संकोच वाटत असेल, तर लेकीने वा सुनेने सोबत निघावे. तेही न जमले तर गच्ची आणि जिना आहेच.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. चालताना छातीत दुखले किंवा दम कोंडला, तर लगेच थांबावे व दवाखाना गाठावा.

आजपासून सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल. अब्बांचा हात धरून निघा, एवढेच आमचे सांगणे.