मे महिन्यात दिल्लीला ग्रुपने जाताय? मग कार्यक्रम सगळ्यांत अशक्त माणसाकडे बघून आखा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आम्ही पंधरा-सोळा जण दिल्ली-आग्रा करतोय. बरोबर कोणती औषधे घेऊ?" मी विचारतो, रोजचा कार्यक्रम काय आहे? उत्तर साधारण असे असते: सकाळी नऊला नाश्ता करून निघायचे, लाल किल्ला, राजघाट, जेवण, भर दुपारी कुतुबमिनार आणि लोटस टेंपल, संध्याकाळी इंडिया गेट, रात्री खरेदी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आग्रा.

औषधांची यादी मी लिहून देतो. पण माझे स्पष्ट मत असे आहे की औषधांच्या यादीपेक्षा हा कार्यक्रम बदलणे जास्त गरजेचे आहे.

"आम्हाला उन्हाची सवय आहे"

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो, हे लक्षात घ्या. लाल दगडाच्या अंगणात, डोक्यावर ऊन घेऊन तिकिटाच्या रांगेत उभे राहिल्यावर शरीराला सोसावी लागणारी उष्णता त्याहून बरीच जास्त असते. त्यात रात्रीही दिलासा नसतो. जून २०२४ मध्ये एका रात्री तिथले किमान तापमान ३५.२ अंशांच्या खाली उतरलेच नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला वेळ मिळाला नाही, तर दुसरा दिवस पहिल्यापेक्षा जड जातो.

मुंबई-कोकणातल्या माणसाला दमट उकाड्याची सवय असते. तिथे घामाने कपडे चिंब होतात आणि पाणी कमी होतेय हे कळते. दिल्लीच्या कोरड्या 'लू'मध्ये घाम येता येताच वाळून जातो. अंग कोरडे राहते म्हणून "मला तर घामच येत नाही" असे वाटते, आणि शरीरातले पाणी मात्र झपाट्याने कमी होत असते. नागपूर, अकोला, चंद्रपूरची मंडळी म्हणतील, आम्हाला ४५ अंशांचे काय कौतुक? बरोबर आहे. पण तुम्ही आपल्या गावात दुपारी बारा ते चार या वेळेत प्रेक्षणीय स्थळे बघत फिरता का? घरात कूलरसमोर बसता. तो शहाणपणा प्रवासातही बरोबर न्या. नव्या उन्हाला शरीर जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि आपली सहल असते पाच दिवसांची.

ग्रुपची खरी अडचण

अशा सहलीचा आराखडा बहुधा ग्रुपमधला सर्वांत उत्साही आणि धडधाकट माणूस करतो. त्याच ग्रुपमध्ये रक्तदाबाची गोळी घेणारी आजी असते, मधुमेह असलेले काका असतात, चार वर्षांचा नातू असतो, एखादी गरोदर भाची असते. यातले कोणीच "मला झेपत नाही" असे म्हणत नाही. "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको" हे आपल्याकडचे सौजन्य उन्हात जिवावर बेतू शकते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. स्वच्छतागृह कुठे आणि कसे असेल याची खात्री नसते, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवीचा जंतुसंसर्ग आणि भोवळ, दोन्हीची सुरुवात इथून होते. म्हणून दर दीड-दोन तासांनी चांगल्या स्वच्छतागृहाची सोय असलेला थांबा कार्यक्रमात आधीच लिहून ठेवा. ग्रुपमधला कोणीही "थांबू या" म्हणाला तर वाद न घालता थांबायचे, हेही निघण्यापूर्वीच ठरवा.

औषधांबद्दल

लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहासाठीच्या डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या शरीरातले पाणी कमी करतात. सर्दीच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो. पाणी कमी झालेल्या शरीरात वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. यातले कोणतेही नेहमीचे औषध मनाने बंद करू नका. निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी तर जरूर भेटा. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, ते निकामी होते.

मधुमेहींनी आणखी एक जपावे. जामा मशीद, लोटस टेंपल, गुरुद्वारा बंगला साहिब इथे चपला काढाव्या लागतात. दुपारी फरशी तव्यासारखी तापलेली असते. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला चटका बसलेला कळतच नाही. रात्री खोलीवर गेल्यावर तळव्याला फोड दिसतात आणि ती जखम महिनोन्महिने त्रास देते. जाड सुती मोजे घाला, अंथरलेल्या चटईवरूनच चाला, आणि अशी ठिकाणे सकाळी लवकर बघा.

कार्यक्रम कसा असावा?

यादीतली निम्मी ठिकाणे खोडा. दिल्ली अफाट पसरलेली आहे. लाल किल्ला उत्तरेला आणि कुतुबमिनार पार दक्षिणेला, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही बघायचे तर बराचसा वेळ रस्त्यावरच जातो. एका दिवशी शहराचा एकच भाग घ्या. लांबच्या अंतरासाठी मेट्रो वापरा, ती वातानुकूलित आहे.

सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, एवढाच वेळ उघड्यावर काढा. लोधी गार्डन, हुमायूनची कबर सकाळी. इंडिया गेट संध्याकाळी. दुपारी जेवून खोलीवर झोपा, किंवा राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्तीजवळचे प्रधानमंत्री संग्रहालय अशी छताखालची ठिकाणे बघा. लाल किल्ला आणि बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, ताजमहाल शुक्रवारी. हे आधी पाहिले तर उन्हातला एक हेलपाटा वाचतो.

प्रत्येकाजवळ स्वतःची पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटे असू द्या. पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. रस्त्यावरचा बर्फ आणि कापून ठेवलेली फळे टाळा. उन्हात जुलाब लागले तर पाणी दोन्ही बाजूंनी कमी होते. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजा. खिशात कांदा ठेवल्याने उष्माघात टळत नाही. तो जेवणात खा.

धोका ओळखा

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना आहे. माणसाला लगेच सावलीत किंवा एसीत न्या, आडवे करा, ओआरएस द्या.

पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. ११२ वर फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट बघत नुसते उभे राहू नका. कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

शेवटी माझे मत. सत्तरीपुढचे आईवडील किंवा हृदयरोगी बरोबर असतील, तर ही सहल मे महिन्यात करूच नये. फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्चची सुरुवात त्यांना मानवेल. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच हाताशी असेल, तर मोठ्यांना वेगळ्या वेळी न्या. आणि सगळ्यांनी मिळूनच जायचे असेल, तर दिवस तेवढेच ठेवून ठिकाणे कमी करा. तिकिटे काढण्यापूर्वी कार्यक्रमाचा कागद घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाच्या हातात द्या आणि त्याला जे झेपणार नाही ते त्यालाच खोडू द्या.