अब्बांची कॉफी आणि माझी चोरी



आमच्या करमाडला पावलोपावली चहा मिळतो. जालना रोडवर उभे राहिले की कुठून ना कुठून आल्याचा वास येतोच. कॉफी मात्र पाहुण्यांसाठी, नाहीतर सर्दी झाली तर. आमचे घर त्याला अपवाद आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना अब्बा म्हणतो, रेल्वेत नोकरीला होते. बरीच वर्षे सिकंदराबादेत काढली आणि तिथून कॉफीची सवय घेऊन आले. सकाळी एक, दहाला एक, असरनंतर एक आणि इशाची नमाज पढून आल्यावर एक, असे रोजचे चार कप.

वय सत्तरच्या पुढे गेले तसा त्रास सुरू झाला. रात्री झोप लागेना. बारा-एकपर्यंत कूस बदलत राहायचे आणि पहाटे तहज्जुदला उठायची वेळ झाली की तेव्हाच डोळा लागायचा. "उठायचं असतं गं बेटी, पण अंग साथ देत नाही," म्हणताना त्यांचा चेहरा बघवत नसे. कॉफी कमी करा म्हटले की ते हसून विषय बदलत.

तशात नणंदेचा मुलगा जेद्दाहहून आला. त्याच्या सामानात कॉफीची एक बाटली होती. तो म्हणाला, "मामी, ही डिकॅफ आहे. चव कॉफीची, पण झोप उडवणारं कॅफिन काढून टाकलेलं." माझ्या डोक्यात लगेच युक्ती आली. जुन्या बाटलीतली कॉफी दुसऱ्या डब्यात काढली आणि तिच्यात ही नवी भरली. कुणाला काही सांगितले नाही. चारही कप डिकॅफचे सुरू झाले.

पहिल्या दिवशी अब्बा एवढेच म्हणाले, "आज कॉफी जरा हलकी झाली." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे डोके दुखू लागले. संध्याकाळी चिडचिड, अंगात सुस्ती. तिसऱ्या दिवशी ते पलंगावरून उठेनात. बीपीच्या गोळ्या चालू असल्याने आम्ही घाबरलो. माझे पती शेंद्र्याची रात्रपाळी करून आले होते, ते तसेच अब्बांना घेऊन दवाखान्यात गेले. मीही सोबत होते. डॉक्टरांनी बीपी तपासला, तो ठीक निघाला. मग त्यांनी विचारले, "अचानक चहा-कॉफी बंद केली का?" अब्बा म्हणाले, "नाही हो, रोजचे चार कप चालूच आहेत." माझ्या पायाखालची जमीन सरकली. तिथेच सगळे कबूल करावे लागले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावले की रोज कॅफिन घेणाऱ्याने ते एकदम बंद केले, तर 12 ते 24 तासांत डोके दुखू लागते. पहिले एक-दोन दिवस त्रास जास्त असतो आणि तो दोनपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतो. रमजानच्या पहिल्या रोज्यांना दुपारनंतर अनेकांचे डोके ठणकते. त्याचे कारण नुसती भूक-तहान नसते, चहाचा चुकलेला कपही असतो.

घरी आल्यावर अब्बा एवढेच बोलले, "बेटी, तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं." ते वाक्य मला डोकेदुखीपेक्षा जास्त लागले. भले करायचे म्हणून केले, तरी ती चोरीच होती. आजारी माणसाच्या पोटात काय जाते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

त्यानंतर मी या डिकॅफची नीट माहिती घेतली. ती तुमच्याही उपयोगाची आहे.

कॉफीशी आपले नाते जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या इबादतीत झोप येऊ नये म्हणून ती पीत. आपल्या देशात ती बाबा बुढन यांनी आणली असे सांगतात. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगरांना आज त्यांचेच नाव आहे. कॅफिन काढण्याची युक्ती मात्र जर्मनीतली. ब्रेमेन शहरातले व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी 1906 च्या सुमारास अशी कॉफी बाजारात आणली. जास्त कॉफीमुळे आपले वडील गेले, असे त्यांना वाटत असे.

कॅफिन काढतात ते बी हिरवे असताना, भाजण्याआधी. ओलसर बियांतून ते पाण्याने, दाब दिलेल्या कार्बन डायऑक्साइडने किंवा एखाद्या द्रावकाने ओढून घेतात. रोझेलियस बेंझीन वापरत. ते घातक असल्याचे कळल्यावर बंद झाले. आज इथाइल अ‍ॅसिटेट किंवा मिथिलीन क्लोराइड वापरतात. नावे ऐकून काही भगिनी विचारतील, यात अल्कोहोल आहे का? इथाइल अ‍ॅसिटेट हे पिकलेल्या फळांतही असते. तो दारूतल्या अल्कोहोलपेक्षा वेगळा पदार्थ आहे आणि वाफ देताना व भाजताना तो उडून जातो. मिथिलीन क्लोराइडचा अंश दहा लाख भागांत 10 पेक्षा जास्त राहू नये, असा अमेरिकेचा नियम आहे. तरीही मनात शंका असेल, तर पाण्याने कॅफिन काढल्याचे लेबलवर लिहिलेली बाटली घ्यावी.

डिकॅफ म्हणजे कॅफिन शून्य, असे नाही. चमचाभर साध्या इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण 60 मिलिग्रॅम कॅफिन असते, तर डिकॅफच्या कपात थोडेच, बहुधा 5 मिलिग्रॅमच्या आत. रात्री नऊला प्यायलेल्या साध्या कॉफीतले निम्मे कॅफिन पहाटे दोनच्या सुमारासही शरीरात असते. अब्बांची झोप कुठे जात होती, ते आता कळले.

मग डिकॅफ घ्यावी का? माझे उत्तर माणूस पाहून आहे. ज्यांना रात्रीच्या कपाशिवाय करमत नाही, पण झोप लागत नाही किंवा छाती धडधडते, त्यांनी जरूर घ्यावी. गरोदर भगिनींनाही ती सोयीची आहे. दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण पित्तासाठी घेत असाल तर फार आशा ठेवू नका, डिकॅफनेही पोटातले आम्ल वाढते. रक्त कमी असेल तर जेवणासोबत हीसुद्धा नको, कारण अन्नातले लोह शोषू न देणारे घटक तिच्यात तसेच राहतात. आणि दोन चमचे साखर घातली, तर मधुमेहाला कॉफी कोणती याने काही फरक पडत नाही.

ती बरीच महागही पडते. दिवसभर चहा पिणाऱ्या घराने त्यासाठी खर्च करू नये. सूर्य मावळल्यावर चहा बंद केला तरी पुष्कळ. कॉफीच हवी असेल तर लेबल वाचा. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांत चिकोरी असते, कायद्याने 49 टक्क्यांपर्यंत चालते. चिकोरी हे भाजलेले मूळ, त्यात कॅफिन नसते. जास्त चिकोरीची बाटली म्हणजे स्वस्तातली अर्धी डिकॅफच.

आमच्या घरी आता दोन बाटल्या आहेत, दोन्हींवर चिठ्ठ्या लावलेल्या. शाबान महिन्यात अब्बांनी दर चार-पाच दिवसांनी एकेक कप साध्याचा डिकॅफवर आणला. रमजान आला तेव्हा सहरीला एक छोटा कप साधी कॉफी आणि तरावीहनंतर एक कप डिकॅफ, एवढेच उरले होते. रोजे अल्हम्दुलिल्लाह डोकेदुखीविना गेले. पती मात्र रात्रपाळीला निघताना थर्मास भरण्याआधी चिठ्ठी दोनदा वाचतात. चुकून डिकॅफ गेली तर मशीनवरच डुलकी लागायची!

सूफींनी जागण्यासाठी कॉफी घेतली आणि अब्बांना पहाटे जागता यावे म्हणून ती सोडावी लागली. हल्ली तहज्जुदच्या वेळी त्यांच्या खोलीत दिवा लागलेला दिसतो. काल रात्री मी कप नेऊन दिला, तर घोट घेण्याआधी त्यांनी विचारले, "कोणती आहे?"

मी खरे ते सांगितले.